लांबुडीची चादर

१

लांबुडी नाहीशी झाल्याचं सगळ्यांत आधी कळलं ते ट्रकवाल्याला. सकाळी आठला तो तिला न्यायला आला, सातव्या कप्प्यासमोर उभा राहिला आणि तिथूनच ओरडला, "अहो मालक, न्यायचं कोणाला? इथं तर कोणीच नाही!"

आम्ही पोचलो तेव्हा साडेआठ झाले होते. आम्ही म्हणजे ही आणि मी. ही जनावरांची डॉक्टर. मी टपाल कचेरीतून निवृत्त झाल्यापासून हिची गाडी चालवतो, हिची बॅग धरतो आणि नको तिथं तोंड घालतो. तिन्ही कामं बिनपगारी, पण तिसरं मी सगळ्यांत मन लावून करतो, असं हिचं म्हणणं.

कापायला जाणारं जनावर निरोगी आहे असं डॉक्टरने लिहून द्यावं लागतं. त्या सहीसाठीच आम्ही आलो होतो.

"अडीचशे किलोची डुकरीण आहे हो बाई," मालक कपाळावर हात मारून म्हणाले. "ती काय खिशात घालून न्यायची वस्तू आहे?"

मालक पन्नाशीचे, सरळ माणूस. आईबाप लवकर गेले, मामांनी वाढवलं. हे वराहपालन मामांनीच उभं केलं, आणि मालक मोठे झाल्यावर किल्ल्या त्यांच्या हातात देऊन स्वतः पुन्हा जनावरांत जाऊन बसले. त्याला पंधरा वर्षं झाली. आता मालक कचेरीत असतात आणि मामा शेडमध्ये.

लांबुडी लँडरेस जातीची. तुम्ही डुकरांकडे कधी निरखून पाहिलं नसेल; हिच्याशी लग्न होईपर्यंत मीही पाहिलं नव्हतं. पण लँडरेस ओळखायला सोपी. अंग पांढरं, आतून गुलाबी झाक, आणि लांबच लांब. इतर जातींपेक्षा तिला एखाददुसरी बरगडीच जास्त असते. कान मोठे आणि डोळ्यांवर पडलेले. समोरचं फारसं दिसत नाही, म्हणून आवाजावर चालते. स्वभावाने गरीब, पिल्लं भरपूर, दूध त्याहून भरपूर. जगभर पाळतात ती त्यासाठीच.

"मग अशी गुणाची बाई कापायला का निघाली होती?" मी विचारलं.

"दोनदा नर दाखवला, दोन्ही वेळा फुकट गेला," मालक म्हणाले. "तेव्हापासून नुसती खाऊन सुस्तावली आहे. मलाही बरं वाटत नाही हो, पण किती दिवस ठेवणार?"

ही सातव्या कप्प्यात शिरली. कडी शाबूत, फळी शाबूत, ओढाताणीची एकही खूण नाही. हिने दाण्याच्या कुंडीत बोट फिरवलं आणि ते माझ्यापुढे धरलं. बोट कोरडं होतं, कालवलेल्या दाण्याचा कणही लागला नव्हता.

"आणखी काय काय गेलंय?" हिने विचारलं.

"पेंढ्याच्या दोन गोण्या. आणि घरामागच्या दोरीवरची चादर," मालक म्हणाले. मग थोडे ओशाळले. "आणि एक वेडेपणाच म्हणायचा. पिल्लांना ऊब द्यायचा तांबडा दिवा असतो ना आमच्याकडे, तो. डुकरीण पळवणाऱ्याला दिव्याचं काय करायचं होतं?"

हिने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. चाळीस वर्षांत हिचा चेहरा मला वाचता येऊ लागला आहे. हिला चोराची काळजी वाटत नव्हती.

"ट्रक परत पाठवा," ही म्हणाली. "आणि सगळ्यांना बोलवा. आपल्याकडे वेळ फार थोडा आहे."

२

मी माझ्यापुरता चोर ठरवून टाकला होता. शेजारचे बागवाले. दोन वर्षांपूर्वी लांबुडी त्यांच्या बागेत घुसली होती आणि तिने नव्या कलमांची एक अख्खी रांग नाकाने उकरून काढली होती. तेव्हापासून दोन्ही घरांत विस्तव जात नव्हता.

बागवाले कुंपणाच्या पलीकडूनच बोलले.

"मी चोरीन? त्या बयेला? अहो, ती गेली तर मी पेढ्यांऐवजी पेंढा वाटीन!"

"काल दुपारी तुम्ही बागेत होतात?" हिने विचारलं.

"दुपारी माणूस बागेत असतो का? ऊन काय म्हणतंय! बारा ते तीन मी झोपतो. हां, झोप लागता लागता पाण्याच्या पाटावरची फळी वाजली, एवढं ऐकलं. वाटलं, वहिनी असतील. आजकाल त्या पलीकडे जातात अधूनमधून."

मालक म्हणाले, "माझी बायको? पलीकडे काय आहे तिला जायला? जुनी पंपाची खोली आणि गवत."

बागवाल्यांनी खांदे उडवले. ही पुढे निघाली. घरामागच्या दोरीपाशी मात्र थांबली. कपडे वाळत होते आणि मधोमध एका चादरीएवढी जागा रिकामी होती. हिने दोरी पाहिली, खालची जमीन पाहिली, भिंतीला टांगलेला चिमट्यांचा डबा पाहिला आणि हसली.

"काय झालं?" मी विचारलं.

"चोर फार टापटिपीचा आहे," ही म्हणाली.

मामा शेडच्या दारात स्टुलावर बसले होते. सत्तरी ओलांडलेले, हाडापेराने मजबूत. मी जवळ गेल्यावर त्यांनी मान वर केली. "या बागवाले, आज इकडे कुठे वाट चुकलात?"

"मी डॉक्टरीणबाईंचा नवरा, मामा."

"हो हो. तेच म्हणायचं होतं मला." त्यांनी हात पुढे केला. तो माझ्या हातापासून वीतभर बाजूला गेला. मीच तो धरला.

ही त्यांच्याजवळ जमिनीवरच बसली. "मामा, काल संध्याकाळी दाणा कोणी घातला?"

"मी. रोज मीच घालतो."

"सातव्या कप्प्यात?"

"घातला की."

"कुंडी कोरडी आहे, मामा. काल संध्याकाळपासून तिच्यात काही पडलेलं नाही. म्हणजे ती गेल्याचं तुम्हाला कालच कळलं होतं. तरी तुम्ही कोणाला बोलला नाहीत."

मालक पुढे झाले. "मामा?"

म्हाताऱ्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"बोलणार कशाला?" ते म्हणाले. "मीच नेली तिला."

३

आम्ही सगळे स्वयंपाकघरात बसलो. मालक खिडकीपाशी, पाठ आमच्याकडे. वहिनी, म्हणजे मालकांची बायको, चहा ओतत होत्या. चाळिशी उलटलेल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांचं लक्ष किटलीपेक्षा भिंतीवरच्या घड्याळाकडे जास्त होतं. मामांचा कप त्यांनी हातात नुसता दिला नाही. मामांची बोटं कपाच्या कानाभोवती नीट मिटवून मगच सोडला.

"कधी नेलीत, मामा?" हिने विचारलं.

"काल. अंधार पडता पडता."

"आणि चादर?"

"कसली चादर?"

"दोरीवरची. तुम्हीच नेली असणार ना?"

"हो, ती. नेली. थंडी वाजू नये तिला म्हणून. पांढरी चादर."

"फुलाफुलांची होती," मालक खिडकीतूनच म्हणाले. "हिरवी."

ही सावकाश बोलू लागली. रागाने नाही, आजारी जनावराशी बोलते त्या आवाजात.

"या दिवसांत डुकरिणीला थंडी वाजत नाही, मामा, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. चादर थंडीची नव्हती, उन्हाची होती. लँडरेसची कातडी पांढरी. भर दुपारी पाव तास चालवली तरी पाठ भाजून निघते. म्हणून कोणीतरी चादर ओली करून तिच्या पाठीवर टाकली. म्हणजे ती दुपारी गेली, सगळे झोपले होते तेव्हा. आणि नेणाऱ्याला तिच्या कातडीचीसुद्धा काळजी होती. असा चोर कापायला नेत नाही."

"मग कशाला नेतो?" मी विचारलं. माझं तिसरं काम.

"पेंढा दोन गोण्या. नुसतं निजायला एवढा लागत नाही. व्यायच्या आधी डुकरीण घरटं करते, त्याला लागतो. आणि तांबडा दिवा. मोठ्या डुकराला ऊब नकोशी होते. ती लागते आज जन्मणाऱ्या पिल्लांना."

मालक गर्रकन वळले. "ती गाभण नाहीये! मी रोज बघतो तिला."

"लांबून बघता. हिच्या जातीचं अंगच एवढं लांब, पोट खाली सुटत नाही, लांबीत पसरून जातं. तुम्हाला वाटलं, सुस्तावली." मग ही माझ्याकडे वळली. "शेडच्या भिंतीवर एक सूचना चिकटवली आहे, पाहिलीस?"

मी पाहिली होती. आयुष्यभर तारखांचे शिक्के मारलेला माणूस मी, तारीख दिसली की डोक्यात राहते. मालकांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'कडी लावली का? दोनदा बघा!' आणि खाली तारीख.

"त्या दिवशी लाल नर सुटला होता," मालक म्हणाले. "ड्युरॉक जातीचा. सकाळी कप्प्यांमधल्या बोळात मोकळा सापडला. कोणीतरी कडी उघडी टाकली होती. कोणी, ते शेवटपर्यंत कळलं नाही."

"आजपर्यंत किती दिवस झाले?"

मी बोटांवर मोजले. पुन्हा मोजले. "एकशे चौदा."

"तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस," ही म्हणाली. "डुकरिणीचे दिवस. सातव्या कप्प्याचीही कडी राहिली असणार; नर बोळात सापडण्याआधी तिथं जाऊन आला होता."

मामांनी मान खाली घातली होती.

"दिव्याला वीज लागते," ही पुढे म्हणाली. "लँडरेसचे मागचे पाय नाजूक, त्यातून ती पोटुशी. चारपाचशे पावलांच्या पुढे जायची नाही. एवढ्या अंतरात वीज असलेली, कोणी न फिरकणारी जागा एकच. पंपाची खोली. पण तिथं जायला पाटावरची अरुंद फळी ओलांडावी लागते. लांबुडीच्या डोळ्यांवर कान. तिच्यापुढे डोळस माणूस हवं. आणि मामा, तुम्हाला तर पुढे केलेला हात दिसत नाही."

मालकांनी मामांकडे पाहिलं. मला वाटतं, कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच पाहिलं.

"काय म्हणताय बाई?"

"दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. मी जनावरांची डॉक्टर, पण एवढं मलाही दिसतं. मामा नाहीत चोर. चोराने चादर काढल्यावर दोरीवरचे चिमटे डब्यात परत ठेवलेत. घाईत, भीतीत, दुपारच्या उन्हात. चोरी करतानाही हात सवय सोडत नाहीत. या घरात रोज कपडे कोण वाळत घालतं?"

किटली ओट्यावर जरा जोरात टेकली. ही उठली आणि वहिनींच्या समोर जाऊन उभी राहिली.

"वहिनी, बाकीचं नंतर. तुम्ही सकाळपासून घड्याळ बघताय. ती आत्ता वितेय ना? कोण आहे तिच्याजवळ?"

"कोणीच नाही," वहिनी म्हणाल्या आणि त्यांचा बांध फुटला. "सहाला गेले होते तेव्हा कळा सुरू झाल्या होत्या. मग ट्रक आला, तुम्ही आलात, मला निघताच येईना. बाई, तीन तास झाले हो!"

४

फळीवरून मी कसा गेलो ते मला आठवत नाही. बॅग माझ्याकडे होती आणि ही पुढे धावत होती, एवढंच आठवतं. मागून मालक मामांचा हात धरून येत होते.

पंपाच्या खोलीत लांबुडी एका कुशीवर पडली होती. तांबड्या दिव्याखाली सात पिल्लं एकमेकांना चिकटून थरथरत होती. भिंतीला हिरवी फुलाफुलांची चादर घडी करून ठेवलेली होती. डुकरीण कळा देत होती, पण काही येत नव्हतं. तिचा श्वास ऐकवत नव्हता.

"आडवं आलंय," हिने हात आत घालून सांगितलं. "ही उठली तर सगळंच जाईल. कोणीतरी हिला शांत ठेवा."

मामा चाचपडत पुढे आले, पेंढ्यात बसले आणि लांबुडीचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं. तिचा मोठा कान उचलून ते त्याखाली बोलू लागले. "असू दे गं. असू दे, बाळा. मी आहे. होतंय, होतंय." तिचे पाय झाडणं थांबलं. मी डुकरांना भितो, पण त्या वेळी मीही तिच्या पाठीवर हात ठेवून होतो.

दहा मिनिटं लागली की वीस, सांगता येत नाही. मग हिचा हात बाहेर आला आणि हातात एक निपचित पांढरं पिल्लू होतं. हिने त्याचं नाक पुसलं, पालथं धरलं, पाठ चोळली. काही नाही. पुन्हा चोळली. वहिनींनी ते हिच्या हातातून घेतलं, पदरात गुंडाळलं आणि चोळत राहिल्या. मालक म्हणाले, "सोड आता, ते गेलं." वहिनी सोडेनात. आणि मग पदरातून एक बारीकसा, रागावलेला आवाज आला.

त्याच्यामागून आणखी तीन आली, एकामागोमाग एक, काहीच झालं नाही अशा थाटात.

"अकरा," मी म्हणालो.

"बाप लाल आणि सगळी पांढरी?" मालकांनी विचारलं.

"पांढरा रंग वरचढ असतो. कान मात्र कोणासारखे ते महिन्याभराने कळेल," ही हात धूत म्हणाली.

थोडा वेळ फक्त चोखण्याचा आवाज येत होता. मग मालक बायकोसमोर उकिडवे बसले.

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही दिवस मोजले असते," वहिनी म्हणाल्या. "एका रात्री दोन कड्या राहिल्या म्हणजे मामांच्याच हातून, हे कळलं असतं. तुम्हीच म्हणाला होतात, मामांकडून आणखी एक चूक झाली की त्यांना घरी बसवायचं. मी चार महिने बघतेय. ते कड्या बोटांनी चाचपतात. दाणा कुंडीबाहेर सांडतो, तो मी भरते. मला वाटलं, ही सुखरूप व्याली की पिल्लं बघून तुमचा राग जाईल."

"आणि मामा, तुम्हाला ठाऊक होतं?"

"पोटात हालत होतं, ते हाताला लागलं होतं महिन्यापूर्वी," मामा म्हणाले. "मीच सांगितलं या पोरीला. आज ट्रक यायच्या आधी तुला सगळं सांगणार होतो. लांबुडीला काय कापायला जाऊ देणार होतो? पण काल संध्याकाळी कप्पा रिकामा लागला. म्हटलं, पोरीने आपल्यासाठी केलंय. मग तिच्यावर कसं येऊ द्यायचं?"

"मी तुम्हाला घरी बसवणार होतो ते शिक्षा म्हणून नाही, मामा. म्हटलं, फार कष्ट केलेत, जरा आराम करा."

"आराम!" मामांच्या हाताशी एक पिल्लू धडपडत आलं होतं, त्याला त्यांनी बोटांनीच आचळाकडे वळवलं. "अरे, घरात मला कोण हाक मारतं? शेडमध्ये शिरलो की सत्तर जणी ओरडतात."

मालकांनी एक भरकटलेलं पिल्लू उचलून दिव्याखाली ठेवलं. मग म्हणाले, "डोळ्यांचं का नाही बोललात?"

"घाबरलो होतो," मामा म्हणाले. "ऑपरेशनला नाही. तू कडी लावायला दुसरा माणूस ठेवशील, त्याला."

"दुसरा नाही ठेवणार. ऑपरेशन होऊन डोळे बरे होईपर्यंत मी येतो तुमच्याबरोबर. सकाळ-संध्याकाळ. तुम्ही सांगा, मी कड्या लावतो."

"तुला दाणा घालायचं माप तरी आठवतंय का?"

"नाही," मालक म्हणाले.

"मग उद्या सहाला ये. उशीर चालायचा नाही."

५

दीड महिन्याने आम्ही पिल्लांना लस टोचायला गेलो. त्याच दिवशी मामांची दुसऱ्या डोळ्याची पट्टी सुटायची होती, म्हणून ही मुद्दाम दुपारनंतर निघाली. मला तसं सांगितलं नाही. पिल्लांना दुपार बरी पडते, म्हणाली.

बागवालेही आले होते. फाटकातूनच आले होते, हे विशेष.

मालकांनी गाडीतून मामांना उतरवलं. डोळ्यांवर मोठा काळा चष्मा. वहिनी दारात उभ्या होत्या. मामांनी आधी शेडकडे जायचा हट्ट धरला. सातव्या कप्प्यापाशी त्यांनी चष्मा जरा वर केला आणि अकराही पिल्लांकडे आळीपाळीने पाहिलं. पिल्लांचे कान अर्धे उभे, अर्धे पडलेले, कोणाचा कशाला मेळ नाही.

"ध्यानं आहेत सगळी," मामा खुश होऊन म्हणाले.

मग ते वळले. मालक दाण्याचं माप हातात घेऊन त्यांच्या शेजारी उभे होते. मामा त्यांच्याकडे पाहत राहिले. कपाळापासून हनुवटीपर्यंत, जसं एखादं जनावर पारखतात तसं, सावकाश. त्यांनी हात वर केला. या वेळी तो नेमका जायचा तिथेच गेला, मालकांच्या कानशिलावर.

"काय रे हे?" मामा म्हणाले. "तुझे केस कधी पिकले?"